तीन हाकांचं घर

तामलवाडीच्या शिवारात कस्तुराबाईंच्या घरी जायचं असेल तर दारात उभं राहून तीन हाका माराव्या लागतात. पहिलीला आत चिटपाखरू हलत नाही. दुसरीला कुठंतरी भांडं वाजतं, एवढंच. तिसरीला मात्र "आले, आले" म्हणत बाई बाहेर येतात आणि आधी हातात पाण्याचा तांब्या देतात. पोस्टमनला हे ठाऊक आहे, गॅसच्या टाकीवाल्याला ठाऊक आहे, मतं मागायला येणाऱ्यांनीही शिकून घेतलं आहे. एक नवखा विमा एजंट दोन हाका मारून कंटाळून परत गेला, तेव्हा बाई खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. फोनचंही तेच. पुण्यातला मुलगा रणधीर दोनदा फोन वाजवून ठेवतो आणि मग तिसऱ्यांदा लावतो. "आईशी बोलायचं म्हणजे देवळातली घंटा तीनदा वाजवायची," असं तो बायकोला सांगतो.

लोक हसतात. हसोत बापडे. त्यांनी ती संध्याकाळ पाहिलेली नाही.

सोळा-सतरा वर्षं झाली असतील. दिवेलागणीची वेळ होती. कस्तुराबाईंचे मालक, बब्रुवान, हातपाय धुऊन ताटावर बसले होते. मागच्या शेतातून, जुन्या विहिरीच्या अंगानं हाक आली, "बब्रुवान!" आवाज शेजारच्या नानासाहेबांचा. कस्तुराबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकला. बब्रुवान "ओ, आलो" म्हणाले, पायात चपला सरकवून गेले आणि वाढलेलं ताट तसंच राहिलं. सकाळी ते विहिरीत सापडले. पाय घसरला, असं कागदोपत्री लागलं. लागेना का. पण नानासाहेब त्या दिवशी लेकीला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात मुक्कामाला होते. ते गावात नव्हतेच.

दहाव्याला गावातल्या म्हाताऱ्या सिताबाई कस्तुराबाईंच्या कानाशी लागल्या. "बाहेरचं जे असतं ना बाय, त्याला एकच हाक मारता येती. मेलेल्या माणसाला बी एकच. जित्या माणसाला कितीबी. म्हणून पहिल्या हाकेला कधी ओ देऊ न्हाय. आन् आवाज वळखीचा असला तर मुळीच न्हाय. ते वळखीच्याच आवाजात येतं."

हे ज्ञान दहा-बारा दिवस आधी मिळालं असतं तर! कस्तुराबाईंनी ते उरलेल्या आयुष्यासाठी पदरात बांधून ठेवलं. पुढं रणधीरची लेक शिवांजली तुळजापूरच्या कॉलेजात शिकायला म्हणून आजीकडं राहायला आली, तेव्हा तिलाही पहिला धडा हाच मिळाला. पोरगी आधी खो खो हसली. मग आजीच्या धाकानं पाळू लागली, आणि मग अंगवळणीच पडलं. आता एसटी स्टँडवर कुणी मैत्रिणीनं हाक मारली तरी ती तिसरीलाच वळते. मैत्रिणी तिला बहिरी म्हणतात.

नवरा गेला, मुलगा पुण्याचा झाला. घरात आता पोरगी हेच एक जितंजागतं माणूस होतं आणि रणधीरनं ते मोठ्या विश्वासानं हवाली केलं होतं. पोरीवर त्या विहिरीची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, एवढ्यासाठीच आपण मागं उरलोय, असं कस्तुराबाईंना वाटे. विहिरीला कठडा नव्हता. भोवती त्या दरसाल बाभळीच्या काट्या रोवत आणि दर पावसाळ्यात त्या काट्या कुजून जात.

घरात वायफाय आलं ते पोरीच्या अभ्यासासाठी. रणधीरनं पुढच्या खोलीत डबा बसवला आणि वडिलांची आठवण म्हणून त्याला नाव दिलं 'बब्रुवान'. पण दगडामातीच्या दोन हात जाड भिंतींपुढं त्या डब्याचं काही चालेना. मागच्या खोलीत, पोरगी अभ्यासाला बसायची तिथं पोचेपर्यंत त्याचा दम सुटायचा. म्हणून रणधीरनं गणपतीत आणखी एक डबा पाठवला. ॲक्सेस पॉइंट म्हणतात त्याला. शिवांजलीनं पुढच्या डब्यापासून वायर ओढून तो मागच्या खोलीत कपाटावर बसवला. दोन्ही डब्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, म्हणजे घरात फिरताना फोन आपणहून एकाला सोडून दुसऱ्याला धरतो.

पासवर्ड होता गावाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. त्याची फळं कोजागिरीला मिळाली. सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेली निम्मी माणसं यांच्या लिंबाखाली फतकल मारून बसली आणि आईच्या नावानं चालायचं सोडून फुकटात व्हिडिओ बघू लागली. शिवांजली भडकली. दुसऱ्याच दिवशी तिनं दोन्ही डब्यांचा बंदोबस्त हाती घेतला. डब्याची मांडणी जिथून बदलता येते तिथला कारखान्यातून आलेला पासवर्ड काढून स्वतःचा टाकला. नुसतं बटण दाबून कुणीही आत यायची जी वाट होती ती बंद केली. वायफायलाही लांबलचक नवा पासवर्ड ठेवला आणि तो कुणालाच सांगितला नाही.

कस्तुराबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. "पण फोनाला कळतंय कसं गं, डबा कुठं हाय ते?"

"डबा सारखा आपलं नाव सांगत असतो, आजी. मी बब्रुवान, मी बब्रुवान. फोन ते ऐकतो आणि जाऊन चिकटतो."

"कितव्या हाकेला?"

"पहिल्याच की!"

कस्तुराबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. म्हणजे रात्रंदिवस, त्या निजल्या असतानाही, दोन डबे दोन खोल्यांतून गेलेल्या माणसाच्या नावानं हाका मारत होते!

"गप कर त्याला."

"नाव बदलू का?"

"नाव नको. रणधीरला वाईट वाटंल. नुसतं गप कर."

शिवांजलीनं शोधलं तर नाव लपवायची सोय निघाली. तिलाही ते पटलं. नावच दिसलं नाही तर चोर येणार कुठून? तिनं दोन्ही डब्यांची नावं लपवली आणि फोनमध्ये 'बब्रुवान' हे नाव एकदा हातानं भरलं.

"झाला का गप?"

"एकदम गप."

कस्तुराबाईंना फार बरं वाटलं.

आठवडाभरानं शिवांजली शेतातून अंबाडीची भाजी खुडून आली ती खुशीतच. "आजी, गंमत बघ. घरात अडखळतं ते वायफाय तिकडं विहिरीपाशी फुल्ल येतंय."

"विहिरीपाशी तुझं काय काम होतं?"

"तिकडं नव्हतं गं काही. फोनकडं बघत चालले होते, सिग्नलच्या कांड्या वाढत गेल्या तशी पुढं गेले."

कस्तुराबाईंनी तिथल्या तिथं रणधीरला फोन लावायला लावला. सगळं ऐकून तो उखडला. "नाव लपवायला कुणी सांगितलं? त्यानं काडीची सुरक्षा वाढत नाही. उलट डबा गप झाला की फोन बोलायला लागतो. जिथं जाशील तिथं तोच विचारत फिरतो, बब्रुवान आहे का, बब्रुवान आहे का."

फोन स्पीकरवर होता. कस्तुराबाईंनी विचारलं, "आन् कुणी व्हय म्हणालं तर?"

"नुसतं व्हय म्हणून भागत न्हाय, आई. पासवर्ड जुळावा लागतो."

"मग विहिरीपाशी कुणाचा जुळतोय?"

"घरातलंच पोचत असंल," रणधीर म्हणाला. " शिवा, नाव परत दिसतं कर. मी रविवारी येतो."

पोरगी म्हणाली उद्या कॉलेजातून आले की करते. आणि कस्तुराबाईंना वाटत राहिलं की आपणच हे करून बसलो. डबा निदान घरात बसून हाका मारत होता. आता पोरीच्या हातातला फोनच शिवारभर हाका मारत हिंडत होता, आणि त्याला कुणीतरी ओ दिली होती.

दुसऱ्या दिवशी शिवांजली कॉलेजातून आली तेव्हा लाईट गेलेली होती. डबे बंद, त्यामुळं नाव बदलायचं राहून गेलं. त्यात तिची कसलीशी चाचणी फोनवर द्यायची होती आणि घरात मोबाइलची रेंज नावालाच. ती मागच्या खोलीत चुळबुळत बसली. दिवस मावळला. कस्तुराबाई देवापुढं दिवा लावत होत्या, तेवढ्यात पोरगी ओरडली, "आजी, आलं गं वायफाय!"

कस्तुराबाईंनी कपाटावर पाहिलं. डब्याचा हिरवा दिवा लागलेला नव्हता. त्या पुढच्या खोलीत धावल्या. तिथलाही नव्हता.

परत मागं येईपर्यंत मागचं दार उघडं होतं. पोरगी बांध ओलांडून पलीकडं गेली होती. फोनच्या उजेडात तिचा तेवढा चेहरा दिसत होता. मान खाली, नजर पडद्यावर. थोडं चालायची, थांबायची, फोन जरा इकडं तिकडं फिरवायची आणि पुन्हा पुढं. कुणीतरी बोट धरून न्यावं तशी ती सरळ विहिरीकडं चालली होती. पुढं गुडघाभर गवत वाढलेलं, आणि गवतात विहीर कुठं सुरू होते ते दिवसासुद्धा दिसत नव्हतं.

"शिवांजली!"

पोरीनं मान वर केली नाही. आणि मग कस्तुराबाईंना उमगलं, पोरगी ऐकत नाही असं नाही. ती ऐकतेय. ऐकून मनात एक म्हणतेय. जसं शिकवलं होतं तसं.

त्या अनवाणी पळत सुटल्या. ढेकळं पायाखाली फुटत होती. "शिवांजली!"

दोन. पोरगी गवतात शिरली.

तिसरी हाक मारायला कस्तुराबाईंनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. जुन्या दम्यानं छातीचा भाता मिटला. घशातून नुसता वारा. त्या बांधाशी गुडघ्यावर कोसळल्या आणि मनातल्या मनात आकांत करू लागल्या. आई भवानी, पोर वाचव. माझ्याच शहाणपणानं पोर चालली माझी.

आणि शिवांजली थांबली. वळली. वळता वळता तिच्या टाचेखालचं एक ढेकूळ सुटलं आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. ती किंचाळून मागं सरली आणि धावत येऊन आजीच्या गळ्यात पडली.

"तिसऱ्या हाकेला थांबले गं मी," पोरगी हुंदके देत म्हणाली. "थांबले ना लगेच? पण आजी, ठके काय म्हणालीस मला? तिसऱ्यांदा ठके म्हणालीस. आणि किती घोगरा आवाज लागला होता तुझा."

कस्तुराबाईंनी वळून विहिरीकडं पाहिलं.

ठकी. ही पोर रांगत होती तेव्हा एकच माणूस तिला ठकी म्हणायचं. सोप्यात बसून टाळ्या वाजवायचं आणि म्हणायचं, ये गं ठके, ये. ते माणूस गेलं आणि ते नावही कुणाच्या तोंडी राहिलं नाही. रणधीरलासुद्धा ते आठवत नसेल.

पोरीच्या हातातला फोन अजून उजळलेला होता. त्याच्यावर आता एकही कांडी नव्हती.

घरी येऊन लाईट आल्यावर शिवांजलीनं पहिलं काम केलं ते नाव परत दिसतं करायचं. दोन्ही डबे पुन्हा आपलं नाव सांगू लागले आणि आजीनं हूं की चूं केलं नाही. रविवारी रणधीरनं विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. विहिरीपाशी त्यानं फोन धरून पाहिला, तिथं काहीच येत नव्हतं. "मी म्हणलं न्हवतं?" असं म्हणून तो पुण्याला गेला.

पण त्याआधीची, त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवसाची संध्याकाळ. दिवेलागणीला कस्तुराबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मेलेल्या माणसाजवळ एकच हाक असते, सिताबाईंनी सांगितलं होतं. इतक्या वर्षांत ती बायकोसाठी खर्च करावी असं त्या माणसाला किती वेळा वाटलं असेल. आणि बाई तर पहिल्या हाकेला कानावर हात ठेवून बसलेल्या. ती हाक त्यानं राखून ठेवली आणि नेमकी जिथं कमी पडत होती तिथं घातली. आता पुन्हा त्याची हाक यायची नव्हती. कस्तुराबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदर सारखा केला आणि विहिरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "ओ!"

आतून शिवांजली म्हणाली, "आजी, कुणाला ओ देतीस? कुणी हाक न्हाय मारली."

"मारली होती," कस्तुराबाई म्हणाल्या. "काल."