मनीषाच्या मुठीच्या मापाचं लाटणं

माझे बाबा चोर नव्हते.

घडलं ते असं:

१. बाबा ज्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते त्या शेठची मुलगी, मनीषा, शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी शेठचा निरोप घेऊन आली. तिच्या रुखवतासाठी लाटणं आणि ताकाची रवी हवी होती. वर्कशॉपची किल्ली तिने माझ्या हातात दिली.
२. रविवारी सकाळी बाबा वर्कशॉपला गेले. सुट्टी होती, ते एकटेच होते.
३. दुपारी लाइट गेली. लाकूड कातायचा लेथ थांबला.
४. रवीचं माप बघायला बाबा लेथवर वाकले. गळ्यात पंचा होता.
५. लाइट आली.

एवढंच.

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी. लाइट गेली की मशीनच्या स्टार्टरचं बटण आपोआप सुटतं. लाइट परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. स्टार्टर त्यासाठीच असतो.

शेठच्या वर्कशॉपमध्ये ते बटण कायम दाबलेलं राहावं म्हणून त्यात लाकडाची पाचर ठोकलेली होती. हिंगोलीत तेव्हा दिवसातून चारदा लाइट जायची. दर वेळी उठून बटण कोण दाबणार, म्हणून. पाचर शेठनेच मारायला लावली होती. म्हणून लाइट येताच लेथ आपोआप फिरला आणि गळ्यातल्या पंच्यासकट बाबांना ओढून घेतलं.

बाबांनी भिंतीवरचा मेन स्विच बंद केला नव्हता. हे मी लपवत नाही.

शेठने पोलिसांना सांगितलं, "मला न विचारता आत घुसला. आमची लाइट, आमचं लाकूड वापरून स्वतःचं काम करत होता. किल्ली कुठून आणली, मला माहीत नाही."

तेव्हापासून आमच्या गल्लीत बाबांचं नाव तसंच घेतलं जातं. चांगला माणूस होता, पण हाताचा चोखा नव्हता.

आई आजही ते ऐकते.

आता बाबांबद्दल थोडं. आज सात वर्षं झाली म्हणून.

गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात बाबांचं लाटणं असायचं. पैसे घेत नसत. हट्टा या आमच्या गावी शेताच्या बांधावर बाभळी होत्या, लाकूड तिथलं. शेठचं नाही.

मुलीला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "मूठ कर." मग तिच्या मुठीभोवती सुतळी गुंडाळायचे. त्या मापाने लाटण्याच्या मुठी कातायचे.

मी एकदा म्हटलं, बाबा, दुकानात तयार मिळतात की.

"दुकानातलं समद्यांसाठी सारखं. हात सारखे असतात व्हय?"

मनीषा, त्या शनिवारी तू आमच्या ओट्यावर बसली होतीस. पिवळा ड्रेस. आईने तुला चहा दिला.

बाबा म्हणाले, "मूठ कर पोरी. एवढी घट्ट नको. पोळ्या लाटायच्यात, भांडायचं न्हाई."

तू म्हणालीस, "काका, नवऱ्याच्या डोक्यात घालायलापण पुरलं पाहिजे."

"त्याच्यासाठी मुसळ येगळं करून देतो."

तू हसलीस. मग म्हणालीस, पप्पांनी अजून एक सांगितलंय. पाहुण्यांच्या घरी बार काउंटर आहे. त्यांना बाटलीच्या ओपनरला लाकडी मूठ पाहिजे, आणि लिंबू-पुदिना ठेचायला एक दांडा.

बाबांनी गळ्यातली माळ चाचपली. "बघा. माळकरी माणूस दारूच्या बाटलीची मूठ करून राहिला."

आईसुद्धा हसली होती.

तू गेल्यावर आई म्हणाली, "रविवारी काहून? एक दिस तर घरी ऱ्हावा."

"शेठचा निरोप हाय. पोरीचं लगीन हाय. न्हाई कसं म्हणू?"

माझ्या बाबांचं शेवटचं पूर्ण झालेलं काम म्हणजे ते लाटणं. टेबलावर ठेवलेलं सापडलं. रवी अर्धीच राहिली.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. लाटणं रुखवतात मांडलं होतं, असं नंतर कळलं. न विचारता आत घुसलेल्या माणसाचं लाटणं.

मी पुढे पॉलिटेक्निकला गेले. मेकॅनिकल. आता ज्या कंपनीत आहे तिथे कुठल्या स्टार्टरला कुणी पाचर मारली तर मी लाइन बंद करते. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

सात वर्षं मी यावर कुठेच काही लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते.

काल मनीषाने स्वतःच्या किचनचा फोटो टाकला. हातात लाटणं. खाली लिहिलंय:

"माहेरची आठवण! पप्पांच्या वर्कशॉपमध्ये एक प्रेमळ काका होते. लग्नात गिफ्ट दिलं होतं. शेवटपर्यंत आपल्या आवडीचं काम करत राहिले. मिस यू काका."

खाली ढिगाने लाइक. "सो स्वीट." "असे लोक आता कुठे!"

काकांना नाव होतं, मनीषा. गंगाधर.

आणि ते आवडीचं काम करायला गेले नव्हते. तुम्ही बोलावलं म्हणून गेले होते.

तू तेव्हा एकवीस वर्षांची होतीस. पप्पांपुढे बोलता आलं नसेल. मी ते समजू शकते. पण आता तू दुसऱ्या घरात आहेस, स्वतःच्या नावाने लिहितेस, आणि लिहिलंस ते हे.

फोटोत तुझी बोटं त्या लाटण्यावर कशी बसलीत, एकदा नीट बघ. न विचारता घुसलेल्या माणसाकडे तुझ्या मुठीचं माप कुठून आलं?

नुकसानभरपाई नको. लाटणंही परत नको, ते बाबांनी तुलाच दिलंय. अर्धी रवी कुठे आहे, तेही विचारत नाही.

बाबा, तुमची सुतळी माझ्याकडे आहे. तुम्हाला नमस्कार.

मनीषा, मला एकच वाक्य हवंय: "निरोप आणि किल्ली मी नेऊन दिली होती."

इनबॉक्समध्ये नको. इथे, सगळ्यांसमोर. मी रविवारी हिंगोलीला आईकडे जाणार आहे आणि ते तिला वाचून दाखवणार आहे. शनिवार संध्याकाळपर्यंत उत्तर दे.