गाडी त्याची, इंजिन माझं

आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझा शाळेतला सोबती ट्रॅक्टरमागं एक मोटार बांधून जाफराबादला माझ्या दुकानापुढं येऊन थांबला. मोटार म्हणजे नुसता लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार चाकांवर ठेवलेला. आत एकाच माणसाला बसता येईल एवढी जागा आणि त्याच्या पाठीमागं इंजिनासाठी मोकळा खड्डा.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"शर्यतीची गाडी. सांगाडा म्या केला. इंजिन तू करायचं."

तो केदारखेड्याच्या पाटलांचा मुलगा. मी पिंपळगाव रेणुकाईचा, वडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. भोकरदनच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तो शिकायला पुण्याला गेला, कॉलेज अर्ध्यावर टाकून कोणाकोणाच्या शर्यतीच्या गाड्या चालवायला लागला. मी आयटीआय करून विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायला बसलो. तो मला मिस्तरी म्हणायचा, मी त्याला पाटील म्हणायचो, आणि दोघंही एकमेकांना अरे-तुरे करायचो. त्याच्या घरी मी कधी ओसरीच्या आत गेलो नाही. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

देशातली सगळ्यात मोठी शर्यत तेव्हा मद्रासजवळ व्हायची, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर आखलेल्या वळणदार वाटेवर. कलकत्त्याचे, मुंबईचे बडे लोक परदेशी गाड्या घेऊन यायचे. त्यांच्यात आपली गाडी उतरवायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ऐकता ऐकता माझ्याही मनानं घेतलं. अपघातात गेलेल्या एका टॅक्सीचं इंजिन औरंगाबादच्या भंगारातून आणलं. हेड घासलं, पिस्टन हलके केले, व्हॉल्व्ह घोटून घोटून बसवले. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि माझे हात मागच्या खोलीतल्या त्या इंजिनाकडं ओढ घ्यायचे.

चाचणी आम्ही केदारखेड्याजवळच्या सरळ रस्त्यावर सकाळी उजाडताच घ्यायचो. दोन्ही टोकांना एकेक गडी लाल फडकं घेऊन उभा. एकदा एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून आम्हाला मनसोक्त शिव्या देऊन गेला. पण इंजिन असं पळायचं की रस्त्याकडेच्या ज्वारीतली पाखरं उठून जायची. पाटील उतरला की हसत माझ्या खांद्यावर थाप मारायचा.

पहिल्या वर्षी त्याच्या मेहुण्याच्या ट्रकमध्ये गाडी चढवून आम्ही मद्रासला गेलो. शर्यत अर्धीसुद्धा झाली नव्हती. कुंपणापाशी उभ्या उभ्या मला टकटक ऐकू आली. एवढ्या गाड्यांच्या गदारोळात ती दुसऱ्या कोणाला ऐकू आली नसेल. मग टकटकीची खडखड झाली, धूर निघाला आणि गाडी गवतात जाऊन थांबली. खोललं तर बेअरिंग जळून क्रँकला चिकटलेलं.

दुसऱ्या वर्षी मी सगळं नव्यानं बांधलं. बेअरिंग चांगली आणली, तेल बदललं. मद्रासला पुन्हा तीच टकटक, पुन्हा गवत.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये, हैदराबाद मागं पडल्यावर तो म्हणाला, "तुझं इंजिन कच्चं हाय, मिस्तरी."

"इंजिन बराबर हाय. इथं आपल्या रस्त्यावर कधी बंद पडलं का?"

"शर्यत तिथं असती, आपल्या रस्त्यावर न्हाई."

"मंग तू चालवतूस कसा ते बघ. आन् गाडी जमिनीला इतकी चिकटवून कोणी ठेवाया सांगितली? तुझ्या सांगाड्यापायी मला इंजिनाखालचं तेलाचं चेंबर कापून थाळीसारखं उथळ करावं लागलं."

"गाडी खाली न्हाई ठेवली तर वळणावर उलटंल. तुला काय, तू कुंपणाच्या बाहेर उभा असतूस."

ते मला लागलं. तो दोष इंजिनात शोधत होता, मी गाडीत, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं. नंतर कितीतरी आठवडे तो दुकानाकडं फिरकला नाही.

ते दिवस मला फार जड गेले. जेवायला बसलो की ताटावरून उठावंसं वाटायचं. दुकानात आलो की घरी जावंसं वाटायचं. एखाद्या गिऱ्हाइकाचं इंजिन सुरू केलं की त्यात मला मद्रासची टकटक ऐकू यायची, आणि मी ते उगाच पुन्हा बंद करून पाहायचो. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही घरात असता तव्हा बी तिकडंच असता. जाऊन त्याच्याशी बोलत का न्हाई?"

मी गेलो नाही. तोच आला. आला तो बसायलाही तयार नव्हता.

"गाडी काढ. बाजाराच्या मैदानावर जाऊ."

"तिथं कशाला?"

"आपण सरळ रस्त्यावर पळवून राह्यलो. तिथं तर लांबच लांब वळणं हायेत. गोल फिरवून बघू."

बाजाराचा दिवस नव्हता, मैदान मोकळं होतं. त्यानं गाडी एका अंगानं गोल गोल फिरवायला सुरुवात केली. धुळीचा लोट उठला, गावातली माणसं येऊन कडेला उभी राहिली. मी मधोमध उभा राहून गाडीबरोबर स्वतःभोवती फिरत होतो. चक्कर यायला लागली तरी कान इंजिनावरून काढवेना. एकाएकी त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडी घरंगळत घरंगळत माझ्याजवळ येऊन थांबली. त्याचं तोंड धुळीनं पांढरं झालं होतं.

"काटा पडतोय," तो म्हणाला.

तेलाचा दाब दाखवणारा काटा त्यानं समोरच बसवला होता, पण शर्यतीत वळण घेताना त्याकडं बघायला सवड कुठली. आता सवडीनं बघितल्यावर त्याला दिसलं. सरळ जाताना काटा वर असायचा. लांब वळणावर तो हळूहळू खाली यायचा. उथळ चेंबरातलं तेल एका कडेला धावायचं, पंपाच्या तोंडाशी थेंब उरायचा नाही, आणि बेअरिंग कोरडी फिरायची.

आम्ही तिथंच धुळीत बसलो. त्याची खाली बसवलेली गाडी आणि माझं कापलेलं चेंबर, दोन्ही मिळून ते झालं होतं. तो काडीनं मातीत चेंबर काढायला लागला, मी त्यात आडवे पडदे काढले. त्यानं एक पडदा पुसून दुसरीकडं काढला. तो बरोबर होता. तेल अडवणारे पत्र्याचे पडदे आत बसवायचे, असं ठरलं. शिवाय गाडी किंचित वर घ्यायला तो आपणहून तयार झाला.

तिसऱ्या वर्षी इंजिन बंद पडलं नाही. शेवटच्या फेरीपर्यंत मी त्या टकटकीची वाट पाहत होतो. ती आलीच नाही, आणि मला आनंद व्हायच्या आधी नुसता थकवा आला. परदेशी गाड्या पुढं होत्या, पण त्यांच्या मागोमाग आमचीच होती. घरी केलेल्या गाड्यांमध्ये पहिली. पाटलानं मला सगळ्यांसमोर उचललं.

तो अजून हेल्मेट हातात धरून उभा होता, तेवढ्यात मुंबईचा एक गाड्यांचा मालक त्याच्याशी इंग्रजीत बोलायला आला. मी पाना पुसत बाजूला थांबलो. बराच वेळ बोलणं चाललं. ट्रक सुटल्यावर पाटलानं सांगितलं, "मला चालवायला बोलवून राह्यलेत. पुढच्या वर्षापासून."

"आन् गाडी?"

"त्यांची. इंजिन बी त्यांचंच. त्याला त्यांचा माणूस हाय."

पुढं पसरलेल्या रस्त्याकडं बघत तो म्हणाला, "तू सांग, काय करू."

माझं इंजिन टिकलं म्हणून तर त्याला बोलावणं आलं होतं. ते मला त्याच क्षणी कळलं. नको जाऊ म्हणालो असतो तर तो राहिला असता, एवढी खात्री मला होती. मी म्हणालो, "जा. असं पुन्हा कोणी विचारनार न्हाई."

गाडी त्यानं विकली. इंजिन त्यानं मला काढून घ्यायला सांगितलं, पण त्या सांगाड्याशिवाय ते कुठंच बसण्यासारखं नव्हतं. मी ते गाडीबरोबरच जाऊ दिलं.

पुढच्या फेब्रुवारीत मी बायकोला जालन्याला काम आहे म्हणून सांगितलं आणि रेल्वेनं मद्रासला गेलो. तिनं जाताना डब्यात चार दिवसांच्या दशम्या भरून दिल्या, तेव्हा तिला ठाऊक असल्याचं कळलं. मी वळणाच्या कुंपणापाशी उभा राहिलो. पाटील दुसरा आला. शर्यत संपल्यावर गर्दीतून त्यानं मला कसं हेरलं कोण जाणे, हेल्मेट काखेत मारून तो धावतच आला.

"कसा वाटला आवाज?"

"चांगला हाय. वेग चढताना जरा कोरडा वाटतोय."

"म्या बी तेच सांगितलं त्यांना. कोणी ऐकून घेत न्हाई." मग तो म्हणाला, "तू इकडं ये ना. मी बोलतो मालकाशी."

"दुसऱ्याच्या इंजिनाला काय हात लावू मी?"

त्यानं पुन्हा विचारलं नाही. स्टेशनवर सोडायला मात्र आला. मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी दारातच उभा राहिलो. गाडी सुटायला बराच वेळ होता. मी त्याला दोनदा जा म्हणालो. मालकाची माणसं वाट बघत असतील, म्हणालो. तो हो हो म्हणत फलाटावर येरझाऱ्या घालत राहिला, आणि गाडी हलेपर्यंत गेला नाही.