रंगाला पाणी नव्हतं, पुसायला होतं

हेडसर, वैजापूरकर बाईंवर दोन ओळी लिहायची तुमची लायकी नाय.

व्हय, टॅग करूनच बोलतेय. वाचा.

आज सकाळी आमच्या चित्रकलेच्या बाई गेल्या. दुपारच्या आत शाळेच्या ग्रुपवर तुमची पोस्ट हजर. "मुलांच्या कल्पकतेला पंख देणाऱ्या शिक्षिका." खाली दिवा, फूल, जोडलेले हात.

पंख म्हणे! ते छाटायला कात्री कुणी आणली होती, सर?

ज्यांना माहीत नाय, त्यांच्यासाठी सांगते.

दुष्काळात आमची मेंढरं गेली आणि आम्ही कन्नडकडचं गाव सोडून इथं आलो. शहर चहूकडून वाढत होतं. बाप एका अर्धवट बिल्डिंगवर वॉचमन लागला. तिथंच पत्र्याच्या खोलीत राहायचो. मला पाचवीत घातलं.

गणित हेडसरच शिकवायचे.

"अर्ध्याचं अर्धं किती?"

मी बोटं मोजत बसायची.

"जा, मेंढरं राख!"

अख्खा वर्ग खदाखदा हसायचा. मेंढरं असती तर गेलेच असते ओ सर.

मग तुम्ही माझ्या बापाला बोलावून सांगितलं, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. कशाला बसवता?" बाप घरी येऊन म्हणला, "या चाचणीत नापास झालीस तर शाळा बंद. बंगल्यावर भांडी घासायला जायचं."

त्यातच शाळेचे नळ आटले. टँकर आला तर आला. तुम्ही फर्मान काढलं: रंगाला पाणी लागतं, चित्रकला बंद. तो तास गणिताला.

बाई कसल्या ऐकतात! मधल्या सुट्टीत मला व्हरांड्यात घेऊन बसल्या. मी साइटवरून विटांचे तुकडे आणले, चुलीतला कोळसा आणला.

"काढ बेटा, तुमचा कळप काढ."

काढला. फरशीभर. एकेक मेंढरू कानावरनं ओळखू यावं असं.

"यांचं काय झालं गं?"

"अर्धी बाजारात विकली."

"मग तेवढ्यांवर कोळसा मार. राहिलेल्यांचं?"

"त्यातली अर्धी चुलत्यानं नेली."

त्यांच्यावरही कोळसा मारला.

"आता बघ. तुझ्याकडं किती उरली?"

मी बघतच राहिले. "बाई, चारातलं एक! पाव!"

ती पाव मेंढरंही पुढं चाऱ्यावाचून मेली होती. मी भोकाड पसरलं. गणित आलं म्हणून का मेंढरं गेली म्हणून, देव जाणे. बाईंनी पदरानं माझं नाक पुसलं आणि स्वतःचे डोळेपण.

दुसऱ्या दिवसापासून बाकीची पोरंही यायला लागली. कुणी शेत काढून भावाभावांत वाटलं, कुणी भाकरीचे तुकडे केले. लई दंगा चालायचा. पण डोक्यात शिरायचं.

चाचणीत मी पास झाले. काठावर, पण झाले. शाळा सुटली नाय.

मग कुणीतरी पाहुणे येणार होते. तुम्ही व्हरांडा बघितला. "काय घाण करून ठेवलीय ही!" शिपाईमामांना लावून सगळी फरशी धुऊन घेतली.

पाण्यानं, सर! बादल्याच्या बादल्या ओतून!

ब्रश बुडवायला वाटीभर नव्हतं तुमच्याकडं.

बाई सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडल्या, "सर, जरा तरी लाज वाटू द्या!" पुढच्या वर्षी बाई शाळेत नव्हत्या. कारण काय, तर म्हणे बेशिस्त.

आज याच शहरात, उस्मानपुऱ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. कापडावर खडूनं पाव इंच, अर्धा इंच आखताना अजून ती फरशी आठवते. तुमचा एकही तास आठवत नाय.

आणि आता तुम्ही मला पर्सनलवर मेसेज टाकलाय: "शोकसभेसाठी बाईंचं छानसं चित्र काढून दे. तू त्यांची लाडकी."

काढते की.

त्याच व्हरांड्यात. त्याच फरशीवर. विटकरीनं आणि कोळशानं. तुम्ही खुर्ची टाकून समोर बसा.

आणि हिंमत असेल तर पुसून दाखवा.

बाई, तुमच्या मेंढरावालीचा शेवटचा नमस्कार.