आबांचं मोठं मन

डॉक्टरांनी सासऱ्यांना उपाशीपोटी रक्त तपासून यायला सांगितलं, म्हणून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं अंथुर्ण्याहून बारामतीला गेलो. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात. तरुणपणी मेंढरांमागं अर्धा मुलूख पायी तुडवलेला माणूस, आता ऊस करतो. तरुणपणी लांडगा काठीनं हाकलल्याची गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. दर वर्षी लांडगा थोडा मोठा होतो.

लॅबचं दार उघडायच्या आधीच रांग लागली होती. रांग म्हणजे आपल्याकडची, शेपूट एक आणि तोंडं चार. कुणी 'नुसतं इचारायचंय' म्हणत आत शिरत होतं, कुणी कोपऱ्यातल्या पिशवीकडं बोट दाखवून आपला नंबर सिद्ध करत होतं. समोर वडेवाला तळत होता. रांगेतल्या सगळ्यांना रक्त दिल्याशिवाय खायची बंदी, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे अगदी प्रेमळ झाले होते. आबांना एकटं वाटू नये म्हणून मीही चहा घेतला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, उगाच थोरपणा.

घुसणाऱ्यांना कोपरानं थोपवत मी आम्हाला दारापर्यंत आणलं. आणि आबा मागच्या बाईला म्हणाले, "मावशी, तुमी व्हा म्होरं. कडंवर ल्येकरू हाय."

बरोबरच होतं. मला कौतुकच वाटलं.

मग पिंपळीचा एक म्हातारा. "जावा तात्या, तुमाला उभं ऱ्हावत न्हाय." तात्या आबांपेक्षा ठणठणीत होते. मग मोबाईलवर गेम खेळणारा एक जण. तो म्हणाला, "मला काय घाई न्हाय ओ आबा." पण आबांनी त्याला जवळजवळ ढकललंच, "आरं जा, तुझी काय कामं आसतील!" बांधावरच्या वीतभर जागेसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला हा माणूस इथं मात्र दानशूर झाला होता.

आबांनी चौथ्याला हाक मारली, तेव्हा माझा तोल गेला. "आबा, एवढ्यावर कशाला थांबताय? स्टँडवर जाऊन अनाउन्समेंट करू का? इंदापूरच्या गाडीतनं उतरलेल्यांनाही आत घेऊ!"

सगळी रांग आमच्याकडं वळली. सासऱ्यावर ओरडणारी सून बघायला मिळाल्यावर उपाशी माणसांनाही बरं वाटत असावं.

आतून कुणीतरी "आई गं" केलं, तसं आबांनी माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरला. मग अगदी हळू विचारलं, "सुई केवढी आसती गं?"

"मुंगी चावल्यासारखं वाटतं, आबा."

"मुंगी सांगून चावत न्हाय. हितं हात धरून बसवत्यात."

मी म्हणाले, "मग आधी मी देते. तुम्ही बघा." आत जाऊन खुर्चीत बसले आणि तिथल्या मुलीला सांगितलं, माझंही रक्त तपासा. आबा दारात उभे. मुलीनं दंडाला पट्टा बांधला, सुई काढली. मी आबांकडं बघून हसले. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवी होते, हातावर सुईच्या जागी कापूस चिकटवलेला होता आणि आबा टॉवेलनं वारा घालत होते. "पडून ऱ्हा," म्हणाले. मग रांगेकडं वळून, "शिकल्याली हाय. पर सुई बघितली की गेली!" तो गेमवाला पोरगा मनापासून हसला. आबा ऐटीत खुर्चीत बसले, बाही वर केली आणि डोळे गच्च मिटून मुलीला म्हणाले, "घे बाई, किती घ्यायचं ते घे."

बाहेर आल्यावर त्यांनी मला दोन वडे खायला घातले, स्वतः तीन खाल्ले. परतीच्या एसटीत आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं, तरी अंथुर्णं येईपर्यंत अख्ख्या गाडीला माझी हकीकत कळली होती.

आबांची साखर अगदी व्यवस्थित निघाली. माझं रक्त कमी. आता रोज जेवण झालं की आबा लोहाची गोळी हातावर ठेवतात आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.