पेवातली ज्वारी

आमच्या घरात वडिलांचा एकच कायदा चाले: "जुनी सरल्याशिवाय नव्या ज्वारीले हात लावाचा नाही." वाईट दिवसांची तयारी म्हणून नवी ज्वारी अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल खड्ड्यात, पुरायची आणि आम्ही गेल्या साली पुरलेली काढून खायची. ती सरेपर्यंत नवीही जुनी झालेली असे. पीक कितीही झकास येवो, आमच्या ताटात कायम किडक्या ज्वारीची कुबट भाकरी.

दुष्काळाच्या साली बीबी गावच्या बाजारात धान्य दिसेना, तेव्हा वडिलांनी मोठ्या ऐटीत शेवटचं पेव उघडलं. आधीच्या पावसाची ओल आत मुरून ज्वारी काळी पडली होती आणि तिची चिकट ढेकळं झाली होती. माय नाकाला पदर लावून म्हणाली, "हे माणसानं खावाचं नाही." वडिलांनी टोपलंभर ज्वारी बैलापुढे ठेवली. बैलानं हुंगलं, जोरात फुरफुर केली आणि तोंड फिरवलं.

वडिलांनी तेच टोपलं उचलून मायपुढे ठेवलं.

"बैल माजला," ते म्हणाले. "तू धुऊन दळ."