डोंगरातली आईची खोली

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. आईला आगाशिवच्या डोंगरावरची लेणी दाखवून आणलं, असं त्याने मला फोनवर सांगितलं आणि ते खोटं होतं. आई आता नाही.

तिचं माहेर कराडजवळ, त्या डोंगराच्या पायथ्याला. लहानपणी ती शेरडं घेऊन वर जायची. दुपारच्या उन्हात पोरी लेण्यांत शिरायच्या, एकेक खोली वाटून घ्यायच्या आणि भातुकली मांडायच्या. आईच्या खोलीत दगडातच कोरलेला ओटा होता. ओट्याच्या उशाला एक खळगा, त्यात ती खेळायचे गजगे लपवायची. लेणी कुणी कोरली, कधी कोरली, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. लग्न होऊन विट्याकडे आल्यावरही ‘माझी खोली’ म्हणजे तीच. सासरी तिचं अंथरूण जन्मभर स्वयंपाकघरात पडलं.

मी पंधराव्या वर्षी गलाईच्या कामाला दक्षिणेत गेलो. दुसऱ्याच्या भट्टीपुढे बसून सोनं गाळायला शिकलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. वर्षातून एकदा जत्रेला गावी यायचो. आई म्हणायची, आठ दिवस राहा, तुला माझी खोली दाखवते. मी गिऱ्हाइकाशी करतो तशीच तिच्याशी घासाघीस करून तिला चार दिवसांवर आणायचो. त्या चारात लेणी कधी बसली नाहीत. पुढल्या वर्षी नक्की नेतो, वाटलं तर पाठीवर घेऊन नेतो, असं सांगून निघायचो.

मग एकदा भावाचा फोन आला. आईला गाडीने नेऊन आणलं, लय खूश झाली. मला हलकं वाटलं, आणि तो विषय मी डोक्यातून काढला.

यंदा जत्रा उरकून बायकोला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. कराड आलं आणि मी गाडी डोंगराकडे वळवली. पायथ्याला मामीच्या घरी चहा घेताना सहज म्हणालो, आई मागे वर जाऊन आली, आज मी जातो. मामीने कप खाली ठेवला.

“वर कुटली रं? हितंच चिंचंखाली बसून ऱ्हायली. दम लागत हुता. थोरला म्हनला पाठीवर घेतो, तर न्हाई म्हनली. धाकट्यानं कबूल केलंय, त्याच्यासंगंच जाईन.”

तिला दम लागतो हेच मला ठाऊक नव्हतं. परमुलखात असलेल्याला घरचं दुखणं कळवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माणूस भट्टी टाकून पळत येतो म्हणून. माझ्या कारागिरांच्या घरचे असे निरोप मीही दोन-दोन दिवस दाबून ठेवले आहेत.

चढताना माझाच श्वास फुलला. चार-पाच खोल्या बघितल्यावर ओट्याच्या उशाला खळगा असलेली सापडली. आत हात घातला. नुसती धूळ. आमच्या धंद्यात दुकानातला केरही टाकत नाहीत, त्यातल्या सोन्याच्या कणांसाठी जपून ठेवतात आणि गाळतात. त्या सवयीने मी ती धूळ चिमटीत चोळून उजेडात धरली.

“आवं, हात झाडा आता,” बायको हळूच म्हणाली.

मी ओट्यावर आडवं होऊन बघितलं. माझे पाय ओट्याबाहेर लोंबत होते. लहानपणी आई इथे अख्खी मावली असेल.

बाहेर येऊन भावाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तिनंच सांगितलं हुतं,” तो म्हणाला. “म्हनली, त्याला सांग बघून आले. दम लागतुय म्हनलास तर दुकान टाकून पळत यील.”

“आलो असतो की पळत.”

“किती दिसांसाठी? चार?”

मी पुन्हा ओरडलो. त्याने फोन ठेवला नाही.

तो म्हणतो ते खरं असेल. तरी पुढच्या जत्रेला मी आठ दिवस राहणार आहे. त्याने माझ्याबरोबर हा डोंगर चढावा, आईच्या ओट्यावर बसावं आणि माझ्याकडे बघून सांगावं, मी पळत आलो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं?