वर्गात आलेला अप्पांचा फोन

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातल्या कोरियन दुकानात तिळाच्या तेलाचा खमंग वास आला, की मला कोरियातली ती शाळा आठवते. कॉलेज संपल्यावर मी तिथे इंग्रजी शिकवायला गेले होते. मुलं हुशार, पण चुकायच्या भीतीने तोंडच उघडत नसत. एके दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरातून असाच वास वर्गात येत होता, मी प्रश्न विचारून थकले होते, आणि फोन वाजला. मिशिगनहून वडिलांचा व्हिडिओ कॉल! "अप्पा, मी वर्गात आहे!" मी दबक्या आवाजात म्हणाले, आणि वर्गात एकच गलका झाला. कोरियनमध्येही वडिलांना अप्पाच म्हणतात! सगळ्यांनी फोनभोवती गर्दी केली. कधीच न बोलणारी एक मुलगी पुढे घुसली आणि चक्क इंग्रजीत म्हणाली, "अप्पा, तुम्ही जेवलात?" अप्पाही तिच्याशी इंग्रजीतच बोलले, "हो बाळा, पिठलं-भात. आणि तू?" "अजून नाही. टीचर सोडतच नाहीत!" त्यानंतर त्या वर्गाला गप्प बसवणं हेच माझं काम होऊन बसलं. मी परत येऊन कितीतरी वर्षं झाली. खरं तर मी एकुलती एक, पण कुणी विचारलं तर अप्पा अजूनही सांगतात, "मला दोन मुली. धाकटी कोरियात असते."